माळ्यावरच्या फळ्या

४ एप्रिल

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा अशासाठी की माझी दोन पत्रं गेली तरी तुझ्याकडून ‘आम्ही मजेत’ याच्यापुढे ओळ सरकत नाही. फोन करतोस, तो मला आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. रंध्याच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुझे भावजी मध्ये मध्ये बोलून वाया घालवतात. पत्र कसं, चहा घेत वाचावं, राग आला तर पालथं घालून ठेवावं.

आम्ही बरे आहोत. भावजींची दाढ दुखते, पण डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की दुखायची थांबते.

आपली सुतारांची गल्ली आता तू ओळखणार नाहीस. तू शेवटचा आलास तेव्हा शेडवर नुसतं छप्पर चढलं होतं. आता लाकूड वाळवायची भट्टी सुरू झाली की आठवडा आठवडा बंद होत नाही. सरकारनं भट्टी बांधली, तिच्यासाठी वेगळी वीज आणली, ट्रक आत वळेल एवढा रस्ता केला. शाळांची बाकं आणि सरकारी इमारतींची दारं शहरातल्या बड्या कारखान्यातून न आणता आपल्याच गल्लीतून घ्यायची, असंही ठरवलं. हे मी तुलाच काय सांगतेय म्हणा. फाईल तुझ्याच टेबलावरून गेली.

पण फाईलीत हे नसेल बघ. लेथवाला लाकूड सोडून ट्रक चालवायला गेला होता, तो परत आलाय. त्यानं मशिनवरचं प्लॅस्टिक काढलं त्या दिवशी त्याच्या बायकोनं गल्लीभर पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली. चहावाल्या मावशीनं हाताखाली दोन बायका घेतल्यात आणि दोघींशी रोज भांडते. चौकातूनच मागे फिरणारी बस आता आत येते. जिथे ‘घर विकणे आहे’ची पाटी होती तिथे खोली भाड्यानं मिळेल का विचारत माणसं येतात. न्हाव्यानं दर वाढवला. न्हाव्यानं दर वाढवला म्हणजे गल्लीला बरे दिवस आले, असं बाबा म्हणायचे.

भट्टी कंडक्टर सांभाळतो. आठवतो ना? त्याच्या मार्गाची बस बंद झाली तेव्हा नोकरी गेली त्याची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ओल्या फळ्या आत ढकलताना अजून ओरडतो, “चला, आत सरका, मागे जागा आहे!” वाळलेल्या फळ्या बाहेर आल्या की प्रत्येकीवर तापल्या लोखंडानं भट्टीचा शिक्का मारतो. तो शिक्का नसेल तर सरकार लाकूड घेत नाही. मोठ्या ऐटीत मारतो, तिकीट फाडल्यासारखा.

हो, एक किरकोळ सांगायचं राहिलं. नवीन आरोग्य केंद्राची दारं मी केली होती. त्यातलं प्रसूतीच्या खोलीचं दार परवा अडकलं. पिळलं आणि खालचा कोपरा फरशीत असा रुतला की हलेना. नर्सबाई आत, आणि अडलेली बाई बाहेर. शेवटी तिथल्या झाडूवाल्या बाईनं बाळंतपण व्हरांड्यातल्या बाकावर केलं. नर्सबाई खिडकीतून ओरडून सांगत होत्या आणि ती करत होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मागाहून दार फोडलं. बाकीची दारंही थोडी थोडी पिळलीत म्हणतात.

लाकूड आहे, कधी कसं वागेल सांगता येत नाही. उन्हंही यंदा लवकर तापली.

तुझ्या बायकोला सांग, तिच्या स्टुलाची दांडी मी बसवून ठेवलीय.

तुझी,
घरात सगळ्यांत शहाणी
ताई

२१ एप्रिल

प्रिय बारक्या,

आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं. एवढं मोठं पाकीट, सरकारी गोंदानं चिकटवलेलं, आणि आत एकच ओळ. ‘ताई, माळ्यावरच्या बाबांच्या फळ्या अजून आहेत ना?’ हे काय विचारणं झालं? ना शेंडा ना बुडखा. माळ्यावर उंदीर आहेत, तुझी मोडकी सायकल आहे, जी तू पुढच्या वेळी नक्की नेणार आहेस. इथे घर पेटलंय आणि तुला माळा सुचतोय.

भट्टीला सील लागलं. सोमवारी दोन माणसं गाडीतून आली. दाराला दोरी बांधली, तिच्यावर लाख ओतली आणि चौकशी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगून गेली. कंडक्टरनं वही दाखवली. वहीत सगळं जागच्या जागी आहे. पण शिक्का मारलेलं दार पिळलं म्हटल्यावर वहीला कोण विचारतो? भट्टी कच्ची तरी, नाहीतर भट्टीवाला तरी कच्चा. कंडक्टरला घरी बसवलंय. घरी तो बसत नाही, शेडच्या बाहेर पायरीवर बसतो.

भट्टी बंद म्हणजे शिक्का बंद, शिक्का बंद म्हणजे शाळेच्या बाकांचं काम बंद. लेथवाला काल ट्रकच्या मालकाला फोन करत होता. मावशीनं दोन्ही बायकांना ‘उद्यापासून नका येऊ’ सांगितलं आणि मग स्वतःच रडत बसली. भांडायला कोणी उरलं नाही म्हणून रडते, असं भावजी म्हणाले. मला हसू आलं नाही. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आपल्याकडे वासे आधी फिरले.

लोक काय बोलतात ऐकशील तर कान बंद करशील. ‘सरकारी काम ते, असंच व्हायचं. फुकटचा पैसा, फुकट गेला.’ ज्यांनी त्याच पैशांवर घराला रंग दिला तेच बोलतायत. मी ऐकते आणि गप्प बसते. मी, गप्प! तूच विचार कर.

नर्सबाई बाजारात भेटल्या. मी वाट बदलणार होते, पण त्यांनी हाक मारली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, परक्याचा पैसा असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. ही दारं आपल्याच पैशांची होती हो.” पिशवीतले टोमॅटो माझ्या हातातून सांडले. त्याच वेचून देऊ लागल्या.

तुलाही लेखी खुलासा मागितलाय असं कळलं. नदीपलीकडच्या विणकरांच्या शेडची तुझी दुसरी फाईल त्यांनी थांबवली म्हणे. ‘आधीच्या पैशांचं काय झालं ते बघा, मग पुढचे मागा.’ खरं आहे का? एका ओळीच्या पत्रात हे लिहायला तुला जागा नव्हती.

आणि फळ्यांचं म्हणशील तर मला भट्टी पहिल्यापासून पटलेली नाही, हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं. आठ दिवसांत उकडून काढलेलं लाकूड ते काय लाकूड? बाबा फळी गालाला लावायचे. गार लागली की अजून ओली, ऊबदार लागली की झाली. वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवायचे. गाल कधी चुकला नाही त्यांचा. माझाही चुकत नाही.

चुकत नव्हता.

दाढ काढली भावजींची. आता पुरे, करवतीला धार लावायची आहे. काम नाही, पण धार तरी असू दे.

तुझी
शहाणी ताई

९ मे

बारक्या,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तूच मोठा झालास असं समज आणि वाच.

तुला सगळं आधीच कळलं होतं. एका ओळीत विचारलंस, आणि दुसऱ्या कोणाला काही बोलला नाहीस. खुलाशात तू काय लिहिलंस तेही मला समजलं. ‘भट्टी घाईनं सुरू केली असावी, जबाबदारी माझी.’ घाईनं! पाच वर्षं खेटे घातलेस तू त्या भट्टीसाठी. ते वाक्य ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सरळ सांगते. आरोग्य केंद्राची दारं भट्टीच्या लाकडाची नव्हतीच. भट्टीतून माझ्या वाट्याला आलेल्या फळ्यांची मी एका गिऱ्हाइकाची कपाटं केली. दारांना बाबांच्या फळ्या लावल्या, माळ्यावरच्या. बाबांची एकच इच्छा होती ना, एखाद्या सरकारी इमारतीला आपल्या हातचं दार असावं. जन्मभर ती दारं शहरातल्या कारखान्यातून यायची आणि बाबा रस्त्यात उभे राहून ट्रक बघायचे. मला वाटलं, पहिलं काम आलंय तर लाकूड बाबांचं लागू दे. हे खरं आहे. पण अर्धंच.

उरलेलं अर्धं लिहायला मला दोन पत्रं लागली. मला तुझा हेवा वाटत होता. तुला साधा रंधा सरळ मारता येत नव्हता, पटाशी हातात घेतलीस की बाबा डोळे मिटून घ्यायचे. आणि आता गल्लीत जो तो म्हणतो, बारक्यानं गल्ली उभी केली. मी इथे राहिले, मी हात झिजवले, आणि नाव तुझं. मला दाखवून द्यायचं होतं की तुझ्या भट्टीवाचूनही ताई दार करते आणि ते सगळ्यांहून उजवं होतं. दारं अशी सुळसुळीत चालली असती की मग मी हळूच सांगणार होते, ‘शिक्का बघता काय, लाकूड कुठलं ते विचारा.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

शिक्का कसा मिळाला? कंडक्टरची आई आजारी होती, तो गावाला गेला आणि लोखंड माझ्याकडे ठेवून गेला. “तुमच्याशिवाय भरवसा कोणाचा, ताई?” असं म्हणून. मी चुलीत लोखंड तापवलं आणि बाबांच्या फळ्यांवर मारलं. भावजींनी फळ्या खाली उतरवल्या तेव्हा म्हणाले होते, “गेल्या पावसात माळ्याचा पत्रा गळत होता गं.” मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला लाकडातलं काय कळतं. फळी गालाला लावली, ऊबदार लागली. अरे, भर दुपारचा तापलेला माळा तो. दगड लावला असता तरी ऊबदार लागला असता.

दार अडकल्याचं कळलं त्याच क्षणी मला कळलं. मला वाटलं, एक दार आहे, बदलून देऊ, कोणाला पत्ता लागणार नाही. मग भट्टीला सील लागलं. मग कंडक्टर पायरीवर बसला. रोज म्हणायचे उद्या सांगते. रोज त्याच्यासमोरून जाताना तो उठून उभा राहायचा, “ताई, चहा?” आणि मी ‘घाई आहे’ म्हणून पुढे जायचे. जेवताना भावजी नुसते बघायचे. एकदा म्हणाले, “सांगायचं कधी?” मी ताट सारून उठले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे माझ्या ओल्यापायी सगळ्या गल्लीचं सुकं जळायला निघालं होतं, आणि मी बघत होते.

काल चौकशीची बैठक झाली, शेडमध्येच. राजधानीहून एक बाई आल्या होत्या, तुमच्याच खात्यातल्या, केस कापलेल्या, आवाज शांत. सोबत ती आरोग्य केंद्राची दारं आणून भिंतीला टेकवलेली. बाईंनी ओल मोजायचं यंत्र लावलं आणि मान हलवली. एवढे दिवस उन्हात दारं वाळली होती. तेव्हा किती ओली होती, आता कोण सांगणार? यंत्र सांगू शकत नव्हतं. गल्लीत एकच माणूस सांगू शकत होतं, आणि ते मागच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसलं होतं.

बाईंनी कंडक्टरला विचारलं, “शिक्का तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात कधी गेला होता का?”

मी खाली बघितलं. वाटलं, आता माझं नाव घेईल. घ्यावंच त्यानं. म्हणजे मला बोलावं लागणार नाही. एवढी मी खालच्या थराला गेले होते, बारक्या.

तो म्हणाला, “नाही बाई. माझ्याच हातात असतो. चूक झाली असेल तर माझीच असेल.”

आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला सगळं समजलं होतं रे, कधीपासून. माझी पत राखत बसला होता, स्वतःची नोकरी घालवून.

मग मी कशी उठले मला आठवत नाही. भावजी म्हणतात, बाक पडलं. मी म्हटलं, “खोटं बोलतोय तो. लोखंड माझ्याकडे होतं. लाकूड भट्टीचं नाही, माझ्या बापाचं आहे, आणि ते ओलं होतं.” बाई म्हणाल्या, “तुम्ही याला वाचवायला म्हणून तर म्हणत नाही ना? काही पुरावा?” बघ, मी खरं बोलले आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. अशी वेळ आली ताईवर.

पेचकस मागितला. पहिल्या दाराची वरची बिजागरी काढली. खाली बाबांची निळ्या पेन्सिलची खूण होती. आठवते ना तुला, फळीच्या काठावर काढायचे ते, पक्ष्याच्या पावलासारखी? दार करताना मी ती रंधून टाकली नव्हती. बाबांची सही राहू दे म्हणून मुद्दाम तिच्यावर बिजागरी बसवली होती. दुसऱ्या दाराची काढली, तिथेही. तिसऱ्याचीही. गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारांनी खूण ओळखली. लेथवाल्याचे वडील म्हणाले, “मास्तरचीच.” बाबांनी आयुष्यात कोणाला ओलं लाकूड विकलं नाही, आणि त्यांची खूण साऱ्या गल्लीनं बघितली ती अशी. त्यासाठी मला माफी नाही. मागतही नाही.

बाईंनी लिहून घेतलं. भट्टीचं सील आजच काढलं. दोन वर्षं आपल्या घरच्या कारखान्याला सरकारी काम नाही. सगळी दारं मी पदरचा खर्च करून नव्यानं द्यायची. त्यांचं लाकूड भट्टीचंच, हे त्यांनी वेगळं बजावलं. मला राग आला नाही. तुझा खुलासा त्या परत पाठवणार आहेत. विणकरांची फाईल आता सुटेल, असं जाता जाता म्हणाल्या. तिथे जाऊन उभा राहशील तेव्हा सांग त्यांना, की पैसा वरून येतो, सांभाळायचा खाली असतो. हे शहाणपण मला फार महाग पडलंय, त्यांना फुकट दे.

गल्लीचं म्हणशील तर लेथवाला माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे. मावशीनं चहा दिला, पण कप माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला. तिच्या दोन्ही बायका परत आल्यात, सकाळपासून भांडण ऐकू येतंय. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. त्यांच्या भांडणाचा आवाज ऐकून एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी दाराशी कोणीतरी खाकरलं. कंडक्टर. मी त्याच्या पायाशी वाकायला गेले तर तो दोन पावलं मागे सरला, इतका घाबरला. मग म्हणाला, “ताई, भट्टी पेटवतोय. माळ्यावर अजून आहेत ना काही फळ्या? द्या, पहिल्या खेपेत घालतो. मास्तरांचं लाकूड आहे, वाया कशाला घालवायचं?”

भावजींनी आणि त्यानं फळ्या उतरवल्या. मी खाली उभी राहून एकेक घेत होते. शेवटची फळी हातात आली तेव्हा सवयीनं गालाशी नेली, आणि मध्येच थांबले. दोघंही बघत होते. तशीच कंडक्टरच्या हातात दिली. तो शेडकडे निघाला, आणि मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखा, “चला, आत सरका, मागे जागा आहे!”

तुझी सायकल अंगणात काढून ठेवलीय. ती न्यायला ये. नाहीतर नको येऊस. मी रागावणार नाही, तो हक्क आता मला नाही. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

माळा रिकामा आहे.

तुझी
ताई